पेन ड्राइव्हचा ताळा



तुमच्या शाळेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे, अशी कल्पना करा. १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे १२२ दिवस, तुमच्या वर्गातील मुलामुलींनी पाळीपाळीने रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजला. सुटीच्या दिवशीसुद्धा कोणी ना कोणी छत्री घेऊन गच्चीवर गेले. साऱ्या नोंदी शाळेच्या संगणकात भरल्या, ढगांची छायाचित्रे जोडली आणि विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी हे सर्व पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. पडद्यावरची पट्टी शेवटाला पोहोचली. शिपाईकाका किल्ल्या वाजवीत दारात उभे होते, म्हणून कोणीतरी घाईघाईने पेन ड्राइव्ह उपसून दप्तरात टाकला. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात फाइल उघडू गेलात, तर फाइलचे नाव जागच्या जागी आणि आकार मात्र शून्य!

मूळ प्रत शाळेच्या संगणकात असेल, तर थोडी धावपळ करून वेळ निभावेल. पण जागा मोकळी व्हावी म्हणून ती कोणी पुसून टाकली असेल तर? गणित पुन्हा सोडवता येते, निबंध पुन्हा लिहिता येतो. पण पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही.

संगणकाने तर ‘काम झाले’ असे सांगितले होते. मग तो खोटे बोलला काय? आणि त्याचे बोलणे खरे की खोटे, हे आपल्याला पडताळून पाहता येईल काय? या लेखात आपण हेच पाहू या. त्यासाठी माऊस बाजूला ठेवून कळफलकावरून काही छोट्या आज्ञा द्यायला शिकू.

कच्ची वही आणि पक्की वही

बाजाराच्या दिवशी वाण्याच्या दुकानात गर्दी असते. प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद खातेवहीत शोधून व्यवस्थित लिहायची म्हटले, तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. म्हणून दुकानदार समोरच्या कच्च्या वहीत भराभर टिपणे करतो आणि गर्दी ओसरली की ती सावकाश पक्क्या वहीत उतरवतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झालेला असतो. पक्क्या वहीत मात्र त्याची नोंद अजून व्हायची असते.

संगणकही असेच करतो. त्याची अंतर्गत स्मृती अतिशय चपळ, तर पेन ड्राइव्हवर लिहिण्याचे काम संथ. समजा, तुमची छायाचित्रे २४० मेगाबाइटची आहेत आणि पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ मेगाबाइट लिहितो. म्हणजे खरे लेखन व्हायला ३० सेकंद लागणार. पण तेवढी माहिती अंतर्गत स्मृतीत ठेवून घ्यायला संगणकाला एक सेकंदही पुरतो. म्हणून तो आधी ती कच्च्या वहीत घेतो, तुम्हाला ‘झाले’ असे कळवतो आणि मग मागच्या मागे पेन ड्राइव्हवर उतरवू लागतो. लिनक्स या प्रणालीत सामान्यतः दर ५ सेकंदांनी ही कच्ची वही चाळली जाते आणि ३० सेकंदांहून जुन्या नोंदी पक्क्या केल्या जातात.

आता त्या अर्ध्या मिनिटातच पेन ड्राइव्ह उपसला, तर काय होईल? अनुक्रमणिकेत फाइलचे नाव चढलेले असू शकते. पण आतील मजकूर कच्च्या वहीतच राहून जातो. शून्य आकाराच्या फाइलचे कोडे आता उलगडले ना?

विंडोज प्रणालीत २०१८ च्या शरद ऋतूतील आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी ही कच्ची वही सामान्यतः बंद ठेवलेली असते. तरीही लेखन चालू असताना ड्राइव्ह काढणे तेथेही धोक्याचेच आहे.

पेन ड्राइव्हच्या पोटात

पेन ड्राइव्हवर लिहायला वेळ का लागतो, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात डोकावू या. जपानमधील तोशिबा कंपनीतील शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली. संगणकाला उपकरणे जोडण्याची यूएसबी ही पद्धत १९९६ मध्ये आली आणि या दोहोंच्या संयोगातून २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात दिसू लागले.

फ्लॅश स्मृतीत कोट्यवधी सूक्ष्म कोश असतात. प्रत्येक कोशात चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेली एक कोठडी असते. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले, की ते वीज बंद केल्यावरही तेथेच राहतात. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांवरून ० की १ हे ओळखले जाते. या कोशांची ‘पाने’ केलेली असतात आणि अनेक पानांचा मिळून एक ‘ब्लॉक’ होतो. गंमत अशी, की लिहिता येते पानापानाने. पण पुसायचे झाल्यास अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. पाटीवरील एक शब्द बदलण्यासाठी सारी पाटी पुसून पुन्हा लिहिण्यासारखेच हे! म्हणून पेन ड्राइव्हमध्ये एक छोटा नियंत्रक बसवलेला असतो. कोणती माहिती कोणत्या पानावर आहे, याची यादी तो सांभाळतो.

प्रत्येक वेळी पुसताना रोधक थर किंचित झिजतो. कोंडलेले इलेक्ट्रॉनही वर्षानुवर्षांनी हळूहळू निसटतात. तेव्हा पेन ड्राइव्ह हे माहिती वाहून नेण्याचे चांगले साधन आहे. तिजोरी म्हणून मात्र त्या एकट्यावर विसंबू नये.

आज्ञांची भाषा

चित्रांवर टिचक्या मारून संगणक चालवण्यापूर्वीपासून लोक त्याला लेखी आज्ञा देत आले आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स नावाची प्रणाली घडवली. तिच्यात प्रत्येक कामाला एक छोटी आज्ञा असे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सनेही हीच रीत उचलली. लिनक्सवर ‘टर्मिनल’ नावाची खिडकी उघडली, की तुम्ही आज्ञा लिहू शकता. आज्ञा रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकायच्या असतात. खाली त्यांची अक्षरे सुटी करून दिली आहेत.

पहिली आज्ञा ‘एल-एस-बी-एल-के’. संगणकाला जोडलेल्या सर्व साठवण-साधनांची यादी ती दाखवते. पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी एकदा आणि लावल्यानंतर एकदा ती देऊन पाहा. दुसऱ्या यादीत जे नवे नाव आले, तोच तुमचा पेन ड्राइव्ह. कधी त्याचे नाव ‘एसडीबी’ असेल, तर दुसऱ्या एखाद्या संगणकावर ‘एसडीए’. म्हणून नाव पाठ करू नका. दर वेळी पाहून खात्री करा.

यादीत आकारही दिसतो. वेष्टनावर १६ गिगाबाइट छापलेले असताना येथे सुमारे १४.९ दिसले, तर दचकू नका. कारखानदार एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. ही आज्ञा मात्र २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरते. १,६०० कोटीला या संख्येने भागून पाहा, उत्तर जुळेल.

दुसरी आज्ञा ‘सी-पी’. ती फाइलची नक्कल करते. तिसरी ‘एस-वाय-एन-सी’, म्हणजे सिंक. कच्च्या वहीतील सर्व नोंदी आत्ताच्या आत्ता पक्क्या कर, असे ती बजावते. लिनक्समध्ये ते काम संपेपर्यंत टर्मिनल पुढची आज्ञा स्वीकारत नाही. जुन्या युनिक्समध्ये ही आज्ञा काम पुरते होण्याआधीच परत येई. म्हणून त्या काळचे जाणकार ती एकाखाली एक अशी तीनदा टंकत असत. त्यात मंत्राचा भाग काही नव्हता. तीनदा टंकण्यात जो वेळ जाई, तेवढ्यात तबकडीवरचे लेखन उरकून जाई!

चौथी आज्ञा ‘यू-एम-ओ-यू-एन-टी’. पेन ड्राइव्ह प्रणालीपासून रीतसर सोडवण्यासाठी ती वापरतात. तिच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ नंतर ‘एन’ नाही, हे लक्षात ठेवा. नवशिके हमखास येथेच अडखळतात. ही आज्ञासुद्धा सोडवण्यापूर्वी उरलेल्या नोंदी पक्क्या करते.

नवाचा ताळा आणि संगणकाचा ताळा

माहिती पेन ड्राइव्हवर पोहोचली खरी. पण ती जशीच्या तशी पोहोचली, हे कशावरून? येथे तुमच्या आजोबांच्या शाळेतील एक युक्ती आठवते. गुणाकार बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी नवाचा ताळा पाहत असत. ३४७ गुणिले २६ बरोबर ९०२२. आता ३४७ मधील अंकांची बेरीज १४ आणि १ व ४ मिळून ५. २६ चे ८. पाचा आठे चाळीस, चाळिसाचे ४. उत्तर ९०२२, त्याच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जुळला!

मोठ्या संख्येचे सार एका लहान खुणेत आणायचे आणि खुणा ताडून पाहायच्या, ही कल्पना किती सुंदर आहे! पण तिच्यात एक वैगुण्य आहे. कोणी चुकून ९२०२ असे उत्तर लिहिले, तरी अंकांची बेरीज १३ च येते. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला पकडता येत नाही.

संगणकासाठी याहून कितीतरी कडक ताळे तयार केले आहेत. त्यांपैकी ‘शा-२५६’ हा ताळा अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ मध्ये मानक म्हणून जाहीर केला. फाइल एका ओळीची असो वा चित्रपटाएवढी असो, तिचा ताळा ६४ अक्षरांचाच येतो. फाइलमधील एक स्वल्पविराम बदला, की साऱ्या ताळ्याचे रूप पालटते. असे ताळे किती असू शकतात? २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्येइतके. तोच ताळा येणाऱ्या दोन निरनिराळ्या फाइली आजवर कोणालाही दाखवता आलेल्या नाहीत.

लिनक्समध्ये हा ताळा काढणारी आज्ञा ‘एस-एच-ए-२-५-६-एस-यू-एम’ अशी आहे. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा हेच काम करते.

ताळा केव्हा पाहायचा?

येथे एक बारीक फसवणूक आहे, तिकडे नीट लक्ष द्या. नक्कल केल्याबरोबर पेन ड्राइव्हवरील फाइलचा ताळा काढला, तर संगणक ती फाइल कोठून वाचेल? तिचा मजकूर अजून अंतर्गत स्मृतीत ताजा आहे. मग तो पेन ड्राइव्हपर्यंत जाण्याचे कष्ट घेतच नाही. स्मृतीतील मजकूर वाचून ताळा काढतो. म्हणजे आपण कच्ची वही कच्च्या वहीशीच ताडून पाहिली! ताळा जुळतो आणि पक्क्या वहीची परीक्षा राहूनच जाते.

म्हणून पेन ड्राइव्ह रीतसर सोडवावा, बाहेर काढावा, पुन्हा लावावा आणि मग ताळा पाहावा. शक्य असेल तर दुसऱ्याच संगणकावर लावून पाहावा. त्या संगणकाला तुमची फाइल ठाऊकच नसल्यामुळे त्याला ती पेन ड्राइव्हवरूनच वाचावी लागते.

असा ताळा पाहिल्याने एक लबाडीही उघडी पडते. काही बनावट पेन ड्राइव्हचा नियंत्रक आपली क्षमता फुगवून सांगतो. आत जागा ८ गिगाबाइटची आणि तो सांगतो १२८! जास्तीची माहिती तो निमूटपणे स्वीकारतो आणि टाकून देतो, किंवा जुन्या माहितीवरच लिहितो. नक्कल करताना काहीच तक्रार येत नाही; परत वाचायला जावे, तेव्हा भांडे फुटते. नवा ड्राइव्ह तपासण्यासाठी ‘एफ-३’ नावाची मोफत साधने आहेत. ती साऱ्या ड्राइव्हवर ठरावीक माहिती भरतात आणि परत वाचून ताडतात.

सात ओळींची स्क्रिप्ट

एवढ्या पायऱ्या रोज कोण लक्षात ठेवणार? आणि शिपाईकाका किल्ल्या वाजवू लागले, की नेमकी एखादी पायरी गळणारच. यावर उपाय सोपा आहे. साऱ्या आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवायच्या. अशा फाइलला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकातील नट जशी संहिता पाळतो, तसा संगणक स्क्रिप्ट पाळतो. फरक एवढाच, की तो पदरचे एकही वाक्य घालत नाही. पावसाच्या नोंदींसाठी तिच्यात पुढील ओळी असाव्यात :

१. ही स्क्रिप्ट कोणी वाचायची, त्या आज्ञावाचकाचा, म्हणजे ‘शेल’चा पत्ता.
२. ‘सेट’ आणि हायफनसह ‘ई’ हे अक्षर : कोणतीही आज्ञा फसली, तर तेथेच थांब.
३. नोंदींच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक फाइलचा ताळा काढ आणि सारे ताळे ‘ताळेपत्रक’ नावाच्या फाइलमध्ये लिही. हे पत्रक फोल्डरच्या बाहेर ठेव.
४. फोल्डर आणि ताळेपत्रक यांची पेन ड्राइव्हवर नक्कल कर.
५. सिंक कर.
६. पेन ड्राइव्ह सोडव.
७. ‘आता पेन ड्राइव्ह काढा’ असे पडद्यावर लिही.

दुसरी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसेल, तर पेन ड्राइव्हवर जागा संपून नक्कल अर्धवट राहिली, तरी संगणक पुढच्या ओळींवर जाईल आणि शेवटी ऐटीत ‘आता काढा’ म्हणेल. संदेश दिसला म्हणजे काम झाले असे नव्हे. काम झाले तरच संदेश दिसावा, अशी व्यवस्था आपण करायची असते.

पेन ड्राइव्ह पुन्हा लावल्यावर दुसरी छोटी स्क्रिप्ट चालवायची. तिच्यात ताळ्याच्या आज्ञेला हायफनसह ‘सी’ हे अक्षर जोडायचे आणि ताळेपत्रक तिच्या हाती द्यायचे. ती एकेक फाइल वाचते, ताळा पत्रकाशी ताडते आणि पुढे ‘ओके’ किंवा ‘फेल्ड’ असा शेरा लिहिते. सर्व फाइलींपुढे ‘ओके’ दिसल्याशिवाय मूळ प्रतीला हात लावायचा नाही, असा नियमच करा.

एका मोकळ्या जागेची किंमत

आज्ञांची भाषा जितकी नेमकी, तितकीच निर्दयही आहे. फोल्डरचे नाव ‘पाऊस नोंदी’ असे दोन शब्दांत ठेवले, तर मधल्या मोकळ्या जागेमुळे शेलला ती ‘पाऊस’ आणि ‘नोंदी’ अशी दोन निराळी नावे वाटतात. नक्कल करताना यामुळे फार तर चूक दाखवली जाईल. पण पुसण्याची ‘आर-एम’ ही आज्ञा देताना असे झाले आणि ‘नोंदी’ नावाची दुसरी एखादी फाइल तेथे असली, तर तीच नाहीशी होईल. टर्मिनलवर कचरापेटी नसते. पुसले ते गेले. म्हणून असे नाव अवतरण चिन्हांत लिहावे किंवा मुळात नावात मोकळी जागा ठेवूच नये.

याहूनही जपून वापरायची आज्ञा म्हणजे ‘डी-डी’. एखादी प्रणाली पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवायची असेल, तर ती उपयोगी पडते. कोठून घ्यायचे आणि कोठे लिहायचे, एवढेच तिला सांगायचे. पण ‘एसडीबी’ ऐवजी चुकून ‘एसडीए’ लिहिले आणि ती संगणकाचीच मुख्य तबकडी निघाली, तर ‘खात्री आहे का?’ एवढेही न विचारता ती त्या तबकडीवर लिहू लागते. एका अक्षराच्या चुकीने सबंध शाळेचे दप्तर नष्ट होऊ शकते. म्हणून ही आज्ञा तुम्ही एकट्याने देऊ नका. शिक्षकांनीही ती देण्यापूर्वी उपकरणांची यादी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून आकार जुळतो की नाही हे पाहावे.

करून पाहा

१. एक ओळ मजकूर असलेली फाइल तयार करा आणि तिचा ताळा वहीत लिहून घ्या. मजकुरात एकच अक्षर बदलून पुन्हा ताळा काढा. ६४ पैकी किती अक्षरे पूर्वीच्याच जागी राहिली, ते मोजा.

२. ‘टी-आय-एम-ई’ ही आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या आधी लिहिली, की त्या आज्ञेला लागलेला वेळ कळतो. पेन ड्राइव्हवर एक मोठी फाइल उतरवा. नक्कल करायला किती वेळ लागला आणि त्यानंतर लगेच सिंक करायला किती लागला, हे दोन्ही मोजा. फाइलच्या आकाराला दोन्ही वेळांच्या बेरजेने भागून पेन ड्राइव्हचा खरा वेग काढा. तो वेष्टनावरील वेगाशी जुळतो काय?

३. नवाचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, हे आपण पाहिले. याशिवाय आणखी कोणती चूक त्याच्या नजरेतून सुटते? सूचना : ० आणि ९ या अंकांचा विचार करा.

पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलांनी रोज मापक पाहिला, आकडा लिहिला आणि शेजारच्या मित्राकडून तो तपासून घेतला. मोजलेल्या गोष्टीची अशी खात्री करून घेणे हा विज्ञानाचा पहिला धडा. संगणकाने ‘झाले’ म्हटल्यावर तोच धडा आपण का विसरावा? या वर्षीच्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवाल, तेव्हा किल्ल्यांचा आवाज आला तरी आणखी दोन मिनिटे थांबा, ताळा पाहा आणि मगच दप्तर भरा. शिपाईकाकांना कारण सांगितलेत, तर तेही आनंदाने थांबतील.